रंगभूमीवरील प्रवासदृश्य : सरकत्या पटापासून प्रक्षेपित चित्रापर्यंत

रंगमंच जागचा हलत नाही; नाटकातील कथा मात्र एका ठिकाणी थांबत नाही. नायक रथातून मृगयेस निघतो, सैनिक मजल दरमजल करीत आघाडीकडे जातो, होडी नदीवरून वाहत जाते. हे सारे तीसचाळीस फूट रुंदीच्या चौकटीत कसे दाखवावयाचे, हा प्रश्न नाट्यकलेइतकाच जुना आहे. त्यावर युरोप-अमेरिकेच्या रंगभूमीने एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत शोधलेले एक उत्तर असे की, नट जागच्या जागी ठेवावा आणि त्याच्या मागचे दृश्य चालवावे. प्रथम हे काम रंगविलेल्या लांब पटाने केले, नंतर कंदिलाच्या प्रकाशाने आणि शेवटी चित्रपटाने. या तिसऱ्या अवस्थेविषयी बोलताना, सिनेमाने आपले साधन रंगभूमीला उसने दिले, असे सामान्यतः मानले जाते. हे मत कालक्रमाच्या कसोटीस पूर्णपणे उतरत नाही. चालत्या दृश्याची गरज रंगभूमीची स्वतःची होती, तिच्या पूर्ततेचे प्रयत्न चित्रपटाच्या जन्मापूर्वी किमान सत्तर वर्षे चालू होते आणि चित्रपट हाती आला तेव्हाही त्याच्यापुढे जे प्रश्न उभे राहिले ते जुन्या पटाचेच होते. प्रस्तुत लेखात या परंपरेतील काही ठळक टप्प्यांचा विचार करावयाचा आहे.

१

चर्चेच्या आरंभीच एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. प्रवास दाखविण्यासाठी दृश्य हलविलेच पाहिजे असा काही नाट्यधर्म नाही. संस्कृत रंगभूमीने हा प्रश्न अगदी निराळ्या रीतीने सोडविला. नाट्यशास्त्रात गतिप्रचाराचे स्वतंत्र विवेचन असून वाहनारूढ पात्राने कसे उभे राहावे, कशी पावले टाकावी, यांचे नियम दिलेले आहेत. कक्ष्याविभागाच्या संकेताने रंगमंचाचा एक भाग सोडून दुसऱ्यात गेले की स्थलांतर झाले असे समजले जाते. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताचा रथ मृगामागे धावतो. तेथे रथ नाही, घोडे नाहीत, धावणारी झाडेही नाहीत. वेगामुळे लहान वस्तू क्षणात मोठी कशी भासते आणि वाकडी रेषा सरळ कशी दिसते, याचे वर्णन राजाच्या तोंडी आहे. हे वर्णन म्हणजे सापेक्ष गतीचे अचूक निरीक्षण होय. आधुनिक नेपथ्यकार जे यंत्राने साधू पाहतो तेच कालिदासाने शब्द आणि अभिनय यांवर सोपविले. पुढील इतिहास वाचताना ही दुसरी वाट सतत दृष्टीसमोर ठेवली, तर यंत्राने काय मिळविले आणि कशाची किंमत दिली याचा हिशेब करणे सुलभ होते.

२

इंग्लंड व अमेरिका येथील नाट्यगृहांत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या भागात सरकता चित्रपट्ट, म्हणजे ‘मूव्हिंग पॅनोरमा’, रूढ झाला. त्याची रचना सोपी होती. रंगमंचाच्या दोन बाजूंस उभे रूळ, त्यांवर गुंडाळलेले लांबच लांब रंगविलेले कापड. एका रुळावरून ते सुटते, दुसऱ्यावर गुंडाळले जाते आणि मधल्या उघड्या भागातून प्रेक्षकास देखावा पुढे सरकताना दिसतो. पटासमोर होडीचा सांगाडा स्थिर ठेवला की किनारा मागे जातो आणि होडीच पुढे चालली असे वाटते.

या तंत्राचे एक बोलके उदाहरण म्हणजे विल्यम डनलॅप याचे ‘ए ट्रिप टु नायगारा’ हे नाटक. ते १८२८ च्या नोव्हेंबरात न्यू यॉर्कच्या बॉवरी थिएटरात झाले. न्यू यॉर्क बंदरापासून हडसन नदीने वर जाणाऱ्या आगबोटीचा प्रवास त्यात पटाच्या साह्याने दाखविला होता आणि या पटासाठी पंचवीस हजार फूट कापड लागल्याची जाहिरात झाली होती. डनलॅप हा अमेरिकन रंगभूमीचा आद्य इतिहासकार. आपले नाटक चित्रकाराच्या कामगिरीला केवळ साथ देण्यासाठी लिहिले असल्याची कबुली त्याने नाटकाच्या प्रस्तावनेत मोकळेपणाने दिली. चलद्दृश्याच्या इतिहासात ही कबुली फार महत्त्वाची आहे. यंत्र नाटकाच्या सेवेस आणावे आणि शेवटी नाटकच यंत्राच्या सेवेस लागावे, हा प्रकार येथे प्रथमच स्पष्ट शब्दांत नोंदला गेला.

पटाचे दोन अंगभूत दोष होते. पहिला दृष्टिविज्ञानाचा. धावत्या गाडीतून पाहिले असता रुळालगतचे खांब झर्रकन मागे जातात, शेत सावकाश सरकते आणि क्षितिजावरचा डोंगर जवळजवळ स्थिर राहतो. एकाच कापडावर खांब, शेत आणि डोंगर रंगविले म्हणजे तिघेही एकाच वेगाने चालू लागतात आणि डोळ्यास फसवणूक कळते. त्यावर उपाय म्हणून एकामागे एक असे अनेक पट लावून त्यांना निरनिराळी गती देण्याची युक्ती निघाली. दुसरा दोष कालमापनाचा. कापडाची लांबी ठरलेली, रुळाचा वेग ठरलेला. नटाचे भाषण आणि गायकाचे गीत मात्र दररोज थोडे मागेपुढे होणारच.

या दुसऱ्या दोषाचे प्रत्यंतर थेट बायरॉइटच्या रंगमंचावर आले. रिशार्ड वॅग्नरचे ‘पार्सिफाल’ २६ जुलै १८८२ रोजी तेथे प्रथम झाले. पहिल्या अंकात वृद्ध गुर्नेमान्त्स तरुण पार्सिफालला अरण्यातून ग्रेलच्या मंदिराकडे नेतो. दोघेही चालण्याचा अभिनय करतात आणि त्यांच्या मागे अरण्य, कडे, कातळातील वाट व अखेरीस मंदिर असे दृश्य सरकत जाते. पॉल फॉन जुकोव्हस्कीच्या कल्पनेवरून कोबुर्गच्या ब्रुकनर बंधूंनी हे पट रंगविले होते. यंत्ररचना कार्ल ब्रांट याने आखली आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र फ्रिट्झ याने पुरी केली. तालमीत असे आढळले की संगीत संपते तरी पट संपत नाही. तेव्हा वॅग्नरचा तरुण साहाय्यक एंगेलबेर्ट हुम्परडिंक याने काही जादा संगीत रचून दिले आणि वेळ निभावून नेली. पुढे यंत्राचा वेग सुधारल्यावर ही पुरवणी अनावश्यक ठरली. संगीताचे सर्वाधिकार आपल्या हाती ठेवणाऱ्या वॅग्नरसारख्या रचनाकारावरही कापडाच्या वारांप्रमाणे संगीत मोजण्याची पाळी आली, यावरून यंत्राची सक्ती किती होती ते दिसते.

पटाचा परमोत्कर्ष १८९९ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात ‘बेन-हर’च्या प्रयोगात झाला. रथांच्या शर्यतीसाठी खरे घोडे फिरत्या पट्ट्यांवर दौडविण्यात आले. घोडे प्राणपणाने धावत, पण पायाखालची भूमीच मागे जात असल्याने ते जागच्या जागी राहत. पार्श्वभागी रंगविलेली प्रेक्षकसभा उलट दिशेने सरके. येथे चलद्दृश्याची दोन्ही अंगे, म्हणजे सरकती भूमी आणि सरकती पार्श्वभूमी, एकत्र आली. पुढे चित्रपटाच्या युगात बर्लिनमध्ये जे घडले त्याचा सांगाडा येथे तयार होता. उणीव होती ती पटाच्या जागी प्रकाशचित्र येण्याची.

३

प्रकाशचित्राची परंपराही याच सुमारास स्वतंत्रपणे वाढत होती. मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरील चित्र भिंगाच्या साह्याने पडद्यावर मोठे करून टाकणारा कंदील, सतराव्या शतकापासून ज्ञात होता. त्याला खरी नाट्यमय गती दिली ती एत्येन-गास्पार रोबेर्तसन याने, पॅरिसमध्ये १७९८ पासून झालेल्या आपल्या ‘फँटास्मागोरी’च्या प्रयोगांत. त्याने कंदील चाकांवर बसविला आणि तो पडद्याच्या मागे, प्रेक्षकांच्या दृष्टीआड, पुढेमागे सरकविला. कंदील दूर नेताच चित्र वाढते आणि अंधारात वाढणारी आकृती आपल्याकडे धावून येत आहे असा भास होतो. या एका युक्तीत पुढील प्रक्षेपणविद्येची दोन तत्त्वे सामावली आहेत : चित्राचा उगम लपविणे आणि चित्राच्या आकारातील बदलाने गती सुचविणे.

कंदिलास रंगमंचावर येण्यास अडसर होता तो प्रकाशाच्या दुर्बलतेचा. तेलाच्या दिव्याने अंधाऱ्या खोलीत चित्र दिसे; उजळलेल्या रंगमंचावर ते पुसट होऊन जाई. चुनखडीचा दिवा आणि त्यानंतर विजेचा कमानदिवा आल्यावर ही अडचण कमी झाली. मायरबेरच्या ‘ल प्रोफेत’ या संगीतिकेत १८४९ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात सूर्योदयासाठी विद्युत्-कमानीचा उपयोग झाला, तो या बाबतीतील एक महत्त्वाचा टप्पा होय. त्यानंतर बायरॉइट येथे १८७६ मध्ये झालेल्या ‘निबेलुंगांची अंगठी’ या चतुर्नाट्यात, आकाशमार्गाने दौडणाऱ्या वाल्किरींसाठी कार्ल एमिल डेप्लर याची काचेवर रंगविलेली चित्रे कंदिलाने पार्श्वपटावर टाकण्यात आली. सहा वर्षांनी त्याच रंगमंचावर पार्सिफालच्या प्रवासासाठी मात्र कापडाचाच आधार घेण्यात आला. यामागील तर्क समजण्यासारखा आहे. विजेच्या लखलखाटातील क्षणभंगुर आकृतीसाठी कंदील पुरेसा होता. कित्येक मिनिटे डोळ्यासमोर राहावयाच्या अरण्यासाठी तो पुरेसा नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नाट्यगृहांत ढगांचा कंदील सर्वत्र प्रचारात आला. त्यात भिंगापुढे अभ्रकाची अगर काचेची रंगविलेली वाटोळी चकती असे. घड्याळाच्या यंत्राने किंवा लहान मोटरीने ती सावकाश फिरली की आकाशपटावर ढग वाहू लागत. चकती बदलली की हिमवर्षाव, ज्वाळा वा लाटा. या साधनाची मर्यादाही स्पष्ट होती. चकती फिरून पुन्हा मूळ जागी येते, म्हणून चित्राची पुनरावृत्ती अटळ. ढगांना ती शोभते; रस्त्याला शोभत नाही. अडोल्फ लिनबाख याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, भिंगाविना मोठ्या काचेतून छाया टाकणाऱ्या प्रक्षेपकाने कमी अंतरावरून विस्तीर्ण पार्श्वभूमी देता येऊ लागली, परंतु तीही स्थिर वा मंदगती.

४

महाराष्ट्रापुरते पाहता, याच काळात कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून केलेल्या ‘शांबरिक खरोलिके’च्या प्रयोगांचा निर्देश अवश्य केला पाहिजे. शंबरासुराच्या मायेवरून ‘शांबरिक’ आणि दिवा या अर्थी ‘खरोलिका’ असे हे मॅजिक लँटर्नचे संस्कृत नामकरण. पटवर्धनांनी काचेवर रंगविलेली चित्रे एकाहून अधिक कंदिलांतून टाकून आणि ती कौशल्याने बदलून पात्रांना हालचाल दिली. निवेदन व संगीत यांची जोड देऊन पौराणिक कथा उभ्या केल्या. मुंबईत चित्रपटाचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी झाला, त्याच्या आधीची ही गोष्ट आहे.

परंतु या प्रयोगांतून रंगभूमीवरील चलद्दृश्य निर्माण झाले नाही, आणि का झाले नाही हा विचारार्ह प्रश्न आहे. खरोलिकेत नट नव्हता. चित्रच पात्र होते. संगीत रंगभूमीवर नट-गायक हेच सर्वस्व होते आणि रंगविलेला पडदा केवळ स्थळाची खूण पटविण्यापुरता असे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ मराठीत आणले, ते संस्कृत नाटकाची वर्णनशक्ती पदांत ओतूनच. जेथे गाणे प्रवास सांगते तेथे पट सरकविण्याची गरज भासत नाही. कंदील आणि नाटक ही दोन्ही एकाच समाजात, एकाच दशकात लोकप्रिय असूनही परस्परांपासून दूर राहिली, याचे कारण तंत्राच्या अभावात शोधण्यापेक्षा गरजेच्या अभावात शोधणे अधिक युक्त होईल.

५

ती गरज तीव्रतेने भासली बर्लिनमध्ये, एर्विन पिस्काटर या दिग्दर्शकास. पहिल्या महायुद्धाच्या अनुभवातून आलेल्या पिस्काटरला व्यक्तीच्या सुखदुःखापेक्षा तिला ओढून नेणारे इतिहासाचे बळ रंगमंचावर दाखवावयाचे होते. ३ सप्टेंबर १९२७ रोजी नोलेनडॉर्फप्लाट्स येथील नाट्यगृहात त्याने टोलरच्या ‘होप्ला, आम्ही जगतो!’ या नाटकाने आपली रंगभूमी सुरू केली. नायक आठ वर्षे वेड्यांच्या इस्पितळात होता. ती आठ वर्षे चित्रपटाच्या तुकड्यांतून सरकत गेली. येथे प्रक्षेपणाने स्थळ चालविले नाही, काळ चालविला.

स्थळ चालविण्याचा प्रयोग २३ जानेवारी १९२८ रोजी झाला. यारोस्लाव हाशेकच्या कादंबरीवरील ‘शूर शिपाई श्वेइक’ हे ते नाटक. माक्स ब्रोड व हान्स रायमान यांच्या रूपांतरावर पिस्काटर, ब्रेश्ट, गास्बारा आणि लानिया यांनी पुनः संस्कार केले होते; श्वेइकची भूमिका माक्स पालेनबेर्ग याची होती. हाशेकची कथा अखंड प्रवासाची. हा साधाभोळा शिपाई आज्ञा पाळण्याच्या भरात सतत चालत राहतो आणि कधीच पोहोचत नाही. अशी कथा अंकप्रवेशांच्या चौकटीत बसेना. तेव्हा पिस्काटरने रंगमंचाच्या कडेला समांतर असे दोन सरकते पट्टे बसविले. श्वेइक पट्ट्यावर चालू लागला की पट्टा उलट दिशेने जाई आणि तो प्रेक्षकांसमोर तसाच राही; माणसे, वस्तू आणि कापून काढलेल्या सपाट आकृत्या दुसऱ्या पट्ट्यावरून त्याच्याकडे येत व निघून जात. मागच्या पडद्यावर चित्रपट चाले आणि त्यात गेओर्ग ग्रोस याने काढलेली उपहासात्मक रेखाचित्रे जिवंत होत.

‘बेन-हर’शी तुलना केल्यास साम्य आणि भेद दोन्ही स्पष्ट होतात. सरकती भूमी तीच, मागची गतीही तीच. उद्देश मात्र उलटा. न्यू यॉर्कमध्ये पट्टा लपविण्यासाठी होता : शर्यत खरी वाटली पाहिजे. बर्लिनमध्ये पट्टा दिसण्यासाठी होता. जागच्या जागी चालणारा मनुष्य, त्याच्या पायाखालून त्याच्या इच्छेविना सरकणारी भूमी आणि पाठीमागे सेनाधिकारी, न्यायाधीश व धर्मोपदेशक यांची विद्रूप चित्रे, हा नाटकाचा अर्थच होता. तंत्र आशयाशी इतके एकरूप झाल्याचे उदाहरण चलद्दृश्याच्या इतिहासात क्वचितच आढळते. ग्रोसच्या या चित्रांतील सतरा चित्रांचा संच त्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि त्यावरून त्याच्यावर ईश्वरनिंदेचा खटला भरण्यात आला. पार्श्वपटावरील चित्र केवळ शोभेचे राहिले नव्हते, हे त्यावरून कळते.

चित्रपटाने पटाचा पहिला दोष मुळातूनच दूर केला. कॅमेरा स्वतः चालत असल्याने खांब, शेत आणि डोंगर यांचे वेग आपोआपच निसर्गाप्रमाणे नोंदले जातात. अनेक कापडांची गरज उरत नाही. दुसरा दोष मात्र तसाच राहिला, किंबहुना अधिक कठोर झाला. रूळ फिरविणारा माणूस नटाकडे पाहून हात आवरू शके. फिल्मची फीत मात्र तिच्या ठरलेल्या वेगानेच धावते. प्रेक्षक हसले म्हणून नट थांबू शकतो, चित्र थांबत नाही. शिवाय पट्ट्यांचा खडखडाट इतका होता की तो कमी करण्यासाठी तालमीच्या काळात पिस्काटरच्या माणसांना पुष्कळ खटपट करावी लागली आणि तरीही तो पूर्णपणे नाहीसा झाला नाही. खर्चाचा भारही असह्य होता; १९२८ मध्येच ही संस्था आर्थिक संकटाने कोसळली.

६

प्रक्षेपणाची आणखी एक अडचण भौतिक नियमांतून येते. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की पडद्यावर पडणारा प्रकाश एकचतुर्थांश होतो. नट दिसावा म्हणून त्याच्यावर प्रकाश टाकला की तोच प्रकाश पडद्यावर सांडून चित्र फिके करतो. चित्र स्पष्ट ठेवावे तर नट काळोखात जातो. म्हणून नटाला पडद्यापासून दूर उभे करणे, त्याला बाजूने प्रकाश देणे, पडद्यामागून प्रक्षेपण करणे हे उपाय रूढ झाले. प्रक्षेपक तिरका ठेवावा लागल्यास चित्र एका बाजूस फाकते. ते सरळ दिसावे म्हणून काचेवर मुद्दाम उलट वाकडे काढावे लागते.

प्रागच्या रंगकर्मींनी या अडचणीतूनच नवी वाट काढली. एमिल फ्रान्टिशेक बुरियान आणि मिरोस्लाव कोउरिल यांनी १९३६ मध्ये ‘वसंताची जागृती’ या नाटकात नटाच्या पुढे पारदर्शक जाळीचा पडदा लावून त्यावर चित्र टाकले. जाळीमागे उजळलेला नट आणि जाळीवरचे चित्र एकाच वेळी दिसू लागले. त्याच परंपरेत आल्फ्रेड रादोक व योसेफ स्वोबोदा यांनी १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात ‘लातेर्ना मागिका’ सादर केली. तीत पडद्यावरील नर्तकी व रंगमंचावरील नर्तकी यांची सांगड इतक्या काटेकोरपणे घातलेली होती की नटाने फिल्मशी मिळते घेणे हाच कलेचा भाग झाला. पार्सिफालच्या वेळी यंत्रासाठी संगीत वाढविले गेले ही आपत्ती वाटली होती. येथे ती शिस्त म्हणून स्वीकारली गेली.

भारतात याच सुमारास, १९५९ मध्ये, कलकत्त्याच्या विश्वरूपा रंगमंचावरील ‘सेतू’ या नाटकात तापस सेन यांनी धावत्या आगगाडीचा भास केवळ प्रकाश आणि ध्वनी यांच्या योजनेने निर्माण केला. चित्र न दाखविता गती दाखविण्याचा हा मार्ग होय. बायरॉइट येथेही १९५१ मध्ये वीलंट वॅग्नर याने रंगविलेले अरण्य काढून टाकून पार्सिफाल जवळजवळ रिकाम्या, प्रकाशाने घडविलेल्या रंगमंचावर आणले. एक चक्र पुरे होऊन रंगभूमी पुन्हा सूचनेकडे वळत होती.

७

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा. चालते दृश्य रंगभूमीला सिनेमाने शिकविले नाही. रंगभूमी ज्या प्रश्नाशी आधीपासून झगडत होती त्याचे एक नवे साधन सिनेमाने तिच्या हाती दिले. साधन बदलत गेले तसे जुने दोष जाऊन नवे आले, पण एक प्रश्न प्रत्येक टप्प्यावर तोच राहिला : गती कोणाची, नटाची की चित्राची? डनलॅपच्या नाटकात ती चित्राची होती आणि नट तिला साथ देत होता. श्वेइकमध्ये ती दोघांच्या विरोधातून जन्मली, म्हणूनच तो प्रयोग आर्थिक दृष्ट्या बुडूनही स्मरणात राहिला. आजच्या संगणकाधिष्ठित प्रक्षेपणाने आणि स्वयंप्रकाशी पडद्यांनी प्रकाशाची टंचाई संपविली आहे. नटाच्या हालचालीप्रमाणे चित्राचा वेग बदलणेही आता शक्य झाले आहे. हुम्परडिंकला जादा संगीत लिहावे लागणार नाही. परंतु दुष्यंताच्या रथाचा वेग शब्दांतून अनुभवणारा प्रेक्षक स्वतःच्या मनात दृश्य चालवीत असे, आणि हे कार्य त्याच्याकडून काढून घेताना त्याला त्या बदल्यात काय द्यावयाचे, हे प्रत्येक नव्या यंत्राला नव्यानेच सिद्ध करावे लागते.